दामाजीची पावती

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्याने ऐकली नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. बिदरच्या बहामनी बादशहाच्या अमलात मंगळवेढ्याचा कारभार पाहणारा हा अंमलदार, दुष्काळात दारी आलेली माणसे अन्नावाचून तडफडताना पाहवेनात म्हणून, हुजुरांच्या परवानगीची वाट न पाहता सरकारी कोठारांची कुलुपे काढतो, धान्य रयतेला वाटून टाकतो, आणि त्या अपराधापायी कैद होऊन बिदरच्या वाटेला लागतो. तो तेथे पोहोचण्यापूर्वीच विठू नावाचा एक महार दरबारात येतो, वाटलेल्या धान्याची किंमत मोहरांनी मोजून देतो आणि भरलेल्या रकमेची पावती घेऊन निघून जातो. ती पावती पुढे दामाजींना आपल्या नित्यपाठाच्या पोथीत सापडते. कीर्तनात हा प्रसंग येतो तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात ते विठ्ठल भक्तासाठी महार झाला म्हणून. परंतु लहानपणापासून हे आख्यान ऐकत आलेल्या माझ्या मनात अलीकडे एक वेगळाच प्रश्न घर करून बसला आहे. देवाला पैसे का भरावे लागले?

जो विश्वाचा पालनकर्ता त्याला बादशहाचे मन वळवणे अवघड नव्हते, आणि रिकामी झालेली पेवे रातोरात भरून देणेही अवघड नव्हते. तरीसुद्धा ही कथा ज्या लोकमानसाने रचली त्याने देवाला हिशोब चुकता करायला लावले, कारण कोठारातले धान्य राजाचे आहे, ते भुकेल्याला देणे ही खजिन्याची अफरातफर आहे, आणि करुणेपोटी का होईना, ती झाली असेल तर कोणीतरी भरपाई केलीच पाहिजे, हे त्या काळी इतके स्वयंसिद्ध होते की प्रत्यक्ष परब्रह्मालाही त्या न्यायापुढे पावती दाखवणे भाग पडले. म्हणून माझ्या मते दामाजींच्या कथेतला खरा प्रश्न भक्तीचा नसून स्वामित्वाचा आहे. कोठारातले धान्य कोणाचे? भुकेल्याच्या ओंजळीत जे पडते ते दान असते, की त्याचे देणे त्याला परत केलेले असते? शिधावाटपाच्या धोरणाचा विचार आपण सहसा आकड्यांनी आणि अंदाजपत्रकांनी करतो. पण त्या साऱ्या आकड्यांच्या तळाशी हा धर्मप्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर जसे आपण देऊ तसे धोरण चालेल.

आपल्या प्राचीन ग्रंथांनी अन्नाला जे स्थान दिले आहे ते पाहिले म्हणजे ह्या प्रश्नाची खोली लक्षात येते. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू ब्रह्माचा शोध घेताना तपाच्या पहिल्या पायरीवर अन्नालाच ब्रह्म जाणतो, पुढे प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढून आनंदापर्यंत पोहोचतो. आणि आपण वाचकही त्याच्याबरोबर वर चढताना पहिली पायरी विसरून जातो. उपनिषद मात्र विसरत नाही. आनंदाचा साक्षात्कार सांगून झाल्यावर ते पुन्हा अन्नाकडे परतते आणि अन्नाची निंदा करू नये, अन्न विपुल करावे, आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, अशी व्रते घालून देते. शिखरावर पोहोचलेल्या माणसाने पायथ्याशी उतरून भाकरीची व्यवस्था पाहावी, असाच ह्या क्रमाचा अर्थ मला दिसतो.

छांदोग्य उपनिषदातली उषस्ती चाक्रायणाची कथा तर ह्याहून मार्मिक आहे. कुरुदेशात पिके उद्ध्वस्त झाली असताना हा विद्वान ब्राह्मण एका माहुताच्या वस्तीत राहतो आणि तो माहूत खात असलेले उष्टे कुल्माष त्याच्याकडे मागून खातो. माहूत पाणीही देऊ करतो तेव्हा मात्र तो नाकारतो, कारण ते उष्टे पाणी होय. उष्टे अन्न चालले मग पाणी का नको, ह्या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की अन्नावाचून मी जगलो नसतो, पाणी मला अन्यत्र मिळू शकते. ह्या छोट्या संवादात भुकेचे संपूर्ण नीतिशास्त्र आहे. जेथे जीवनाचा प्रश्न आहे तेथे घेणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला प्रौढी नाही, आणि शुद्धाशुद्धतेचा सारा विधिनिषेध तेथे स्तब्ध उभा राहतो. पण गरज जेथे संपते त्या क्षणी माणसाची प्रतिष्ठा पुन्हा त्याच्या हाती येते. भुकेल्याला अन्न अशा रीतीने मिळाले पाहिजे की त्याची ही प्रतिष्ठा क्षणभरही गहाण पडू नये.

आपल्या समाजाने ह्या शिकवणीतून अन्नदानाची मोठी परंपरा उभी केली. सदावर्ते, अन्नछत्रे, भंडारे, वारीच्या वाटेवर गावोगाव होणाऱ्या पंगती, आणि ज्यांनी आपल्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न हे पहिले सूत्र ठेवले त्या गाडगेबाबांच्या धर्मशाळा. ह्यांपैकी कशालाही उणे लेखण्याचा विचार माझ्या मनाला शिवणार नाही. तथापि दानाला दोन मर्यादा आहेत. दान दात्याच्या प्रसन्नतेवर आणि पर्वकाळावर अवलंबून असते, भूक मात्र तिथी पाहून येत नाही. आणि दान दात्याच्या समाजाची उतरंड आपल्याबरोबर घेऊन येते. पंगतीत कोणी बसावे, कोणी वेशीबाहेर थांबावे आणि कोणाच्या वाट्याला उरलेसुरले यावे, हे ठरवण्याचा अधिकार शतकानुशतके देणाऱ्याकडे होता. ज्या मंगळवेढ्यात दामाजींनी कोठारे उघडली त्याच मंगळवेढ्याचे गावकूस अंगावर कोसळून महार संत चोखोबांचा अंत झाला, आणि दरबारात पैसे भरायला देव आला तोही महाराच्याच वेषात. ज्याला अन्न सर्वांत शेवटी मिळते त्याच्याच खांद्यावर सर्वांच्या अन्नाचे मोल वाहण्याचे ओझे असते, हे सत्य त्या कथाकाराने जाणून लिहिले की नकळत, हे मला सांगता येत नाही. पण ते त्या कथेत आहे.

दामाजींच्या पावतीशेजारी मी आणखी एक कागद ठेवू इच्छितो. देहूचे तुकोबा महाजनाच्या घरचे. सावकारी वाडवडिलांपासून चालत आलेली. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, आणि पुढे वैराग्य आल्यावर, परंपरा सांगते, घरातल्या कर्जखतांपैकी भावाच्या वाटणीची खते त्याच्या हवाली करून आपल्या वाटणीची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. ह्या घटनेकडे आपण संसारत्याग म्हणून पाहतो. परंतु दुष्काळात जगण्यासाठी काढलेल्या कर्जाचा कागद बुडवणारा माणूस केवळ आपला मोह बुडवत नव्हता. दुसऱ्याच्या भुकेवर आपला हक्क सांगता येत नाही, असा निवाडा तो देत होता. दामाजींच्या कथेत भुकेल्याचे देणे देव फेडतो. तुकोबांच्या कृतीत ते देणेच मुळात खोटे ठरते. दोन शतकांच्या आत मराठी अंतःकरणाने केवढा पल्ला गाठला!

आता तिसऱ्या कागदाकडे येतो, आणि तो म्हणजे शिधापत्रिका. राज्यसंस्थेने भुकेची जबाबदारी पत्करण्याचा इतिहास आपल्याकडे सरळ रेषेत चाललेला नाही. इंग्रजी अमलात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ निवारणाचे जाबते तयार झाले, पण त्यांचा हेतू लोकांनी मरू नये इतकाच होता. आणि स्वातंत्र्यानंतर १९६३ साली महाराष्ट्राने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्दच काढून टाकला व त्या जागी टंचाई हा शब्द घातला. शब्द गेला, भूक गेली नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर, खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावांची माती वाहणाऱ्या लोकांची संख्या मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाखांवर गेली. त्या काळी मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो ज्यांनी खाल्ला त्यांच्या तोंडून त्याची चव अजून ऐकायला मिळते. पण त्याच अनुभवातून, वि. स. पागे ह्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात ज्याचा पहिला प्रयोग केला होता ती रोजगार हमी योजना राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम हा शब्द सरकारने कायद्याने दिला. येथे प्रथमच उपाशी माणूस याचक राहिला नाही. तो वचनाचा धनको झाला.

पुढचे पाऊल न्यायालयाने टाकले. २००१ साली काही राज्यांत अवर्षणाने माणसे उपाशी असताना सरकारी गुदामांत धान्य सडत असल्याची फिर्याद सर्वोच्च न्यायालयापुढे आली. दामाजींपुढे उभा राहिलेला प्रसंग जणू देशाच्या व्याप्तीचा होऊन न्यायासनापुढे उभा राहिला, आणि ह्या खेपेस कोठार उघडणाऱ्याला शिक्षा देण्याऐवजी, ते बंद ठेवणाऱ्यांना जाब विचारला गेला. २८ नोव्हेंबर २००१ च्या हुकुमाने शाळेतले शिजवलेले अन्न, अंगणवाडीचा आहार, अंत्योदयाचे धान्य ह्या योजना सरकारच्या मर्जीच्या राहिल्या नाहीत, त्या लोकांच्या हक्काच्या झाल्या. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्या हक्काला अंक दिले: अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबातल्या दर माणसाला ५ किलो, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. ह्याच कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत वडील स्त्रीचे नाव लावले. जिने आयुष्यभर सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाल्ले, तिचे नाव अन्नाच्या सनदेवर पहिले आले. ह्या एका कलमात मला धर्माचे जे दर्शन घडते ते अनेक प्रवचनांत घडत नाही.

पण सनद आणि शिधा ह्यांच्यात किती अंतर असते, हे मी पालघर जिल्ह्यातल्या डोंगराळ भागात एका रास्त भाव दुकानासमोर पाहिले आहे. श्रावणातली झड लागली होती. दुकानाच्या पत्र्याखाली वीसपंचवीस बायाबापे उभी होती, आणि त्यांत एक वृद्ध कातकरी बाई यंत्राच्या काचेवर आपला अंगठा पुन्हा पुन्हा टेकवीत होती. कोळशाच्या भट्ट्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि लोकांच्या शेतांवर राबून त्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या. तिने बोट पदराला पुसले, मग केसांवरून फिरवून त्याला तेलाचा ओशटपणा दिला, पुन्हा टेकवले. ‘आजी, अंगठा उमटत नाही, परवा या, नातवाला घेऊन या,’ दुकानदार म्हणाला, आणि त्याच्या स्वरात दुष्टपणा नव्हता. ती काही बोलली नाही. रिकामी पिशवी तिने घडी करून डोक्यावर घेतली, तिच्यावर इरले ओढले आणि ती पावसात चालू लागली. तिचा पाडा तेथून दोन तासांच्या वाटेवर होता. केवळ ठसा जुळत नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये अशा सरकारच्या सूचना आहेत; पण त्या सूचना दप्तरात होत्या, आणि ती बाई पावसात होती. ज्या श्रमाने तिच्या रेषा पुसल्या तोच श्रम तिच्या विरुद्ध पुरावा ठरला, ह्याहून मोठा अधर्म मला कल्पिता येत नाही.

येथे दोन आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा, की फुकटच्या धान्याने माणूस आळशी होतो. ५ किलोला ३० दिवसांनी भागले तर दिवसाला १६६ ग्रॅम धान्य येते, म्हणजे दोन-तीन मुठी; त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. एवढ्या धान्यावर कोणी ऐषआरामाचे आयुष्य काढतो असे म्हणणाऱ्याने एक आठवडा ते करून पाहावे. शिवाय भुकेल्यांत मोठा वाटा बालकांचा, गरोदर स्त्रियांचा आणि थकलेल्या वृद्धांचा असतो, आणि त्यांच्याकडून श्रमाची अपेक्षा करणे हे कोणत्याही धर्माला शोभणारे नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालके दगावली, आणि तशाच वार्ता मेळघाटातून येत राहिल्या. ती बालके आळसाने गेली नव्हती. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली, ती ह्या समजुतीतूनच, की मूल जन्मण्यापूर्वीच त्याच्या अन्नाची जबाबदारी समाजावर येते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. अन्न हा हक्क झाला की करुणा सुकेल, देणाऱ्याच्या अंतःकरणाची शुद्धी करणारे दान नाहीसे होईल, आणि धर्माची जागा दप्तर घेईल, असे काही सज्जनांना वाटते. त्यांना मी आपल्याच शास्त्राची आठवण देतो. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ सांगितला आहे, आणि स्वतःपुरतेच शिजवणारा पाप खातो असे गीतेने बजावले आहे. म्हणजे दुसऱ्याला वाढणे हे पुण्यसंचयाचे ऐच्छिक कर्म नसून ते ऋण आहे. आणि जेथे ऋण आहे तेथे ते मागण्याचा अधिकार कोणाकडे तरी असलाच पाहिजे. ऋण आणि हक्क ह्या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. आपण आजवर केवळ आपल्या बाजूने ते नाणे पाहिले. हक्काने करुणा मरत नाही. तिच्यातला अहंकार तेवढा गळून पडतो.

ह्याच कसोटीवर धोरण पारखले म्हणजे त्यातली व्यंगे स्पष्ट होतात. पावसाळ्याच्या ओढग्रस्तीत आदिवासींना सरकार खावटी कर्ज देत असे. खाण्यासाठी कर्ज! ज्या प्रकारची खते तुकोबांनी नदीत सोडली, त्याच प्रकारचे खत लोकराज्याने रयतेकडून लिहून घ्यावे, ही गोष्ट मनाला बोचणारी होती. २०२० साली त्या कर्जाचे चार हजार रुपयांच्या अनुदानात रूपांतर झाले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने, तेव्हा सरकारने उशिरा का होईना इंद्रायणीचा काठ गाठला. कातकरी, कोलाम, माडिया गोंड ह्या जमातींची कित्येक कुटुंबे रोजगारासाठी गाव सोडतात. वीटभट्टीवर गेलेल्या कातकऱ्याच्या मागे त्याचा शिधा गेला पाहिजे, आणि देशात कोठेही धान्य उचलण्याची सोय आता झाली असली तरी ती त्या माणसाला कोणी समजावून सांगितली नाही तर ती नसल्यासारखीच आहे. सर्वांत मोठे व्यंग इष्टांकाचे. २०११ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा घालून दिली गेली, आणि त्यानंतर जन्मलेल्या वा नव्याने गरीब झालेल्या माणसाला तहसील कचेरीत पुष्कळदा एकच उत्तर मिळते, की इष्टांक पूर्ण झाला आहे. भुकेला आकडा कधी इष्ट असतो काय? आणि अखेरची गोष्ट धान्याच्या पिशवीची. सत्तेवरच्या माणसांची छायाचित्रे छापलेल्या पिशव्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. मालकाचे धान्य मालकाला परत करताना रखवालदाराने त्यावर आपले नाव घालू नये. तसे केल्याने हक्काचे पुन्हा दान होते, आणि चारशे-पाचशे वर्षांचा प्रवास फुकट जातो.

दामाजींना राजापुढे पावती दाखवावी लागली. आज पावतीची दिशा फिरली आहे. धान्य दिल्यावर दुकानदाराने यंत्रातून निघणारी छापील पावती कार्डधारकाच्या हाती द्यायची असते, आणि हक्काचे धान्य पुरवता आले नाही तर सरकारने त्याला अन्न सुरक्षा भत्ता द्यावा, असे कायदा सांगतो. राज्य हे ऋणको आहे, ती कातकरी आजी धनको आहे, आणि कोठारातले धान्य पहिल्यापासून तिचेच होते, हे ह्या कायद्याचे मर्म आहे. दामाजींनी ते कायदा नसताना ओळखले, आपल्याला ते कायदा असताना ओळखायचे आहे. प्रत्येक रास्त भाव दुकानावर दक्षता समिती असावी अशी तरतूद आहे. वाचकहो, आपल्या गावातली वा वॉर्डातली ती समिती शोधा, तिच्या बैठकीला जा, आणि महिन्यातून एक सकाळ दुकानासमोर उभे राहून ज्याचा अंगठा उमटत नाही त्याच्या बाजूने बोला. देवाने पुन्हा विठू महार होऊन यावे, अशी वेळ त्याच्यावर आणू नका.